शेवटच्या दिवसाचा हिशेब



दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी जवळ आली की एकमेकींना आपण हमखास विचारतो, ‘यंदा कुठे जाणार?’ परत आल्यावरचा प्रश्नही ठरलेला, ‘काय काय पाहिलं?’ तिसरा एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. सुट्टी मिळाली कुणाला? या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर सहलीचे बाकीचे दिवस बाजूला ठेवून फक्त शेवटचा दिवस बघावा, असं माझं मत आहे. त्या दिवशी सगळ्यांचे हिशेब चुकते होतात. खोल्यांचं भाडं, जेवणाची ताटं, गाडीचं पेट्रोल, वाटेतला टोल, सगळं मांडलं जातं. ज्याचा हिशेब कुणीच मांडत नाही, तेही त्याच दिवशी ठळक दिसतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नऊ जण दापोली तालुक्यातल्या मुरूड-हर्णैच्या किनाऱ्यावर तीन रात्री राहिलो. सासू-सासरे, आम्ही दोघं, आमची दोन मुलं, दीर-जाऊ आणि त्यांची मुलगी. या भागात आता घरोघर ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’ अशा पाट्या आहेत. पुढे नारळी-पोफळीची वाडी, मागे घर, बाजूला पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. तशाच एका घरी आम्ही उतरलो होतो.

शेवटच्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी एक, एवढ्या वेळात कुणी काय केलं ते मी टिपून ठेवलं. बायकांच्या शिबिरात आम्ही एक खेळ घेतो. कागदावर घड्याळ काढायचं आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत आपण काय काय केलं ते त्यात भरायचं. घरातल्या पुरुषाचं घड्याळ शेजारी काढायचं. वस्तीतल्या बायकांकडून मी हे गेली दहा-बारा वर्षं करून घेते. मग तेच घड्याळ स्वतःच्या घराला लावायला काय हरकत आहे?

घड्याळ असं भरलं. दीर, माझा नवरा आणि तिन्ही मुलं सात वाजता ‘शेवटची डुबकी’ मारायला गेली. सासरे वाडीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. जाऊबाईंनी आणि मी दोरीवरचे ओले कपडे काढले, त्यातली वाळू झटकली, ओलं-सुकं वेगळं करून पिशव्या भरल्या. खाटांखाली, मोऱ्यांत, खिडक्यांत काय राहिलंय ते पाहिलं. चार्जर, चष्मे, सासऱ्यांची कवळीची डबी. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या हाताशी राहतील अशा वरच्या कप्प्यात ठेवल्या. घाटात मुलांना उलट्या होतात म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या, लिंबू, आवळासुपारी वेगळी काढली. पाण्याच्या बाटल्या भरल्या. समुद्रावरून आलेल्या पाच जणांच्या अंगाची वाळू मोरीत धुतली आणि मग मोरी धुतली. हे चालू असताना पुण्याची कामंही डोक्यात सुरू झालेली होतीच. दूधवाल्याला फोन. फ्रीजमध्ये भाजी काही नाही. परवा शाळा, गणवेश धुवायचाय. रात्री पोचल्यावर खायला काय, पिठलं-भात की बाहेरून मागवायचं? मागवायचं तर मागवायचं कुणी लक्षात ठेवायचं?

पुरुषांची सुट्टी रविवारी रात्री दारात गाडी उभी राहिली तेव्हा संपली. आमची त्या सकाळी सहालाच संपली होती.

यावर आमच्या घरात जी चर्चा झाली ती तुमच्याही घरात होत असेल. नवरा म्हणाला, “मी सात तास गाडी चालवतो, ते काम नाही का?” आहे. नक्की आहे. घाटात गाडी चालवणं दमणुकीचं आणि जोखमीचं काम आहे. पण त्या कामाची गंमत अशी की ते सगळ्यांना दिसतं. वाटेत चहाला थांबलो की सासूबाई म्हणतात, “दमला असशील, जरा पाठ टेक.” घरी पोचल्यावर तो सोफ्यावर आडवा झाला तर कुणाला खटकत नाही. गाडी चालवणं एका ठिकाणी सुरू होतं आणि एका ठिकाणी संपतं. आवरण्याला असं सुरू होणं-संपणं नसतं. म्हणून ते काम वाटत नाही, बाईचा स्वभाव वाटतो. ‘हिला ना, फार व्यवस्थित लागतं बाई सगळं.’ कष्टाला एकदा स्वभाव म्हटलं की वाटून घ्यायचा प्रश्नच उरत नाही.

हे आपल्या एकटीच्या घरातलं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि हे काम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. असं काम त्या दिवशी केलेल्या बायका होत्या शंभरात ८१ आणि पुरुष शंभरात २६. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. आकडे निघाले २८९ आणि ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण पुरुषांचीही नऊ कमी झाली. आपली दहा मिनिटं पुरुषांनी उचलली म्हणून वाचली, असं म्हणायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. त्या म्हणाल्या, “आम्हाला कुठल्या सहली? वर्षातून आठ दिवस माहेरपण, तीच आमची सुट्टी. निघायच्या दिवशी आई सगळं बांधून द्यायची. लाडू, मेतकूट, सांडगे. मी नुसती ओसरीवर बसून असायची.” मला हे फार महत्त्वाचं वाटलं. जुन्या व्यवस्थेने बाईवर अन्यायच केला, पण वर्षातले काही दिवस तिला कामातून मोकळं करायचं असतं हे निदान माहेरपणाच्या रूपाने तिला ठाऊक होतं. त्यातही हात होते ते दुसऱ्या बाईचेच, आईचे नाहीतर वहिनीचे. आजच्या कुटुंबाच्या सहलीत तेवढंही उरलेलं नाही. सासर सगळं गाडीत बसून समुद्रावर जातं आणि बाई सासर सांभाळत समुद्राकडे बघते.

बघते म्हणाले ते मुद्दामच. किनाऱ्यावर उभं राहून पाहा, पाण्यात छातीपर्यंत गेलेले कोण आणि घोट्यापर्यंत उभ्या असलेल्या कोण. बहुतेक किनाऱ्यांवर बाईला ओले कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृह असलंच तर त्याला पाणी नाही नाहीतर कडी नाही. ओली साडी-ड्रेस अंगावर घेऊन सगळ्यांसमोरून खोलीपर्यंत चालत यायचं. त्यातून पाळीचे दिवस आले तर पुढे ढकलण्याच्या गोळ्या घ्यायच्या, सणाला घेतात तशाच. म्हणून बाया कडेला चपला सांभाळत उभ्या राहतात. घड्याळं, पाकिटं, मोबाईल त्यांच्याच ओटीत.

इथवरचा हिशेब आपला, म्हणजे सुट्टीवर जाऊ शकणाऱ्या बाईचा झाला. आपल्या चर्चा बऱ्याचदा इथेच थांबतात. पण त्या घरात आणखी एक बाई होती, आणि खरं तर मला तिच्याबद्दल लिहायचं आहे.

आमचं जेवणखाण बघणाऱ्या त्या घरच्या सुनेला आम्ही वहिनी म्हणत होतो. हे मी तिला विचारून, तिचं नाव-गाव कळणार नाही अशा बेताने लिहिते आहे. वहिनी पहाटे साडेचारला उठायची. विहिरीवर पंप होता, पण दिवसातून दोन-तीनदा वीज गेली की पाणी शेंदून पाहुण्यांच्या मोऱ्यांत बादल्या नेऊन ठेवायची. सहाला चहा, आठला पोहे नाहीतर घावन, दुपारी जेवण, चारला चहा, रात्री जेवण. आमच्या नऊ जणांत शाकाहारी तीन, मासळी खाणारे सहा. आणखी दोन खोल्यांत सात पाहुणे. नारळ खवायचे, वाटण वाटायचं, मासे साफ करायचे, भाकऱ्या थापायच्या. तीन रात्रींत मी तिला एकदाही साडेअकराच्या आधी निजलेलं पाहिलं नाही. एकोणीस तासांतले पंधरा-सोळा तास ती उभी किंवा ओणवी असायची.

शेवटच्या दिवशी दुपारी तिच्या नवऱ्याने वहीतून हिशेब मांडला. माणूस सरळ होता. एक रुपया जास्त लावला नाही. खोल्या दोन, रात्री तीन. शाकाहारी ताटं इतकी, मासळीची इतकी. सुरमईची तुकडी जास्तीची घेतली ती वेगळी. सांगून केलेले मोदक नगावर. सोलकढीचे वाढीव ग्लास मोजलेले. दिराने पैसे फोनवरून पाठवले, खणखण आवाज झाला, दोघांनी हात मिळवले. “पुढल्या वर्षी या.” “येणारच, वहिनींच्या हाताला चव आहे.”

मोदक मोजले, ग्लास मोजले. मोदक वळणारा हात कुणी मोजला नाही. पैसे गेले नवऱ्याच्या खात्यात, आणि बाईला मिळाली हाताच्या चवीची तारीफ.

‘घर एकच आहे ना? पैसा कुणाच्या का खात्यात जाईना!’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी आदल्या रात्रीचं बोलणं सांगते. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात मी तिच्याबरोबर भांडी पुसत होते. बादली उचलताना ती एकदम थांबली आणि खाली बसली. मी विचारल्यावर आधी काही नाही म्हणाली. मग म्हणाली, “ताई, अंग बाहेर येतं माझं. धाकट्याच्या वेळेपासून.” बाळंतपणानंतर दीड महिन्यात तिने पाण्याच्या कळशा उचलायला सुरुवात केली होती. धाकटा आता अकरा वर्षांचा आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला दोन वर्षांपूर्वी स्पष्ट सांगितलं होतं, जड उचलू नका आणि ऑपरेशन करून घ्या. “मग?” मी विचारलं. ती म्हणाली, “हे म्हणतात सीझन संपू दे.”

हा सीझन कधी संपतो ते कोकणातल्या मैत्रिणींना माहीत आहे. दिवाळीची गर्दी ओसरते तोवर नाताळ येतो. मग शनिवार-रविवार. मग आंब्या-काजूचे दिवस, त्यातच मे महिन्याचे पाहुणे. जूनमध्ये पाहुणे थांबतात तेव्हा भाताची लावणी येते. लावणी झाली की गणपती, मुंबईचं सगळं घर गावी. ऑपरेशननंतर दोन-तीन महिने जड उचलायचं नसतं. एवढे दिवस चूल कोण सांभाळणार, हा त्या घरापुढचा खरा प्रश्न आहे. म्हणजे बघा, तिच्या कामाला किंमत नाही असं कुणी म्हणूच शकत नाही. तिच्या कामावाचून धंदा दोन महिनेसुद्धा चालणार नाही, हे सगळ्यांना नेमकं ठाऊक आहे. म्हणूनच तर ऑपरेशन होत नाही! त्याच दोन वर्षांत पाहुण्यांच्या खोल्यांना वातानुकूलन यंत्रं बसली. पैसा कुणाच्या हातात जातो, याने फरक पडतो तो असा.

निघताना सासूबाईंच्या मनात आलं, पाचशेच्या दोन नोटा वहिनीच्या हातात गुपचूप द्याव्यात. वहिनीने हात मागे घेतला. “नको हो आई, मागून बोलणी बसतात.” सासूबाईंचा हेतू चांगला होता, पण वहिनीचं बरोबर होतं. बक्षिशी म्हणून, लपवून दिलेला पैसा बाईला चोर ठरवतो. तिला हवा आहे तो तिच्या कामाचा, उजळ माथ्याने घेतलेला पैसा.

हर्णै बंदरावर आम्ही संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायला गेलो होतो. होड्या किनाऱ्याला लागतात, वाळूवर माशांचे वाटे पडतात, बोली लागते. कोळणी त्या गर्दीत उभ्या राहून बोली लावतात, भांडतात, घेतलेला माल स्वतः विकतात आणि पैसे कमरेच्या पिशवीत ठेवतात. त्यांचे कष्ट वहिनीपेक्षा कमी नाहीत, घरच्या जाचातूनही त्या सुटलेल्या नसतील. पण त्यांच्या कामाला भाव असतो आणि तो त्या स्वतः ठरवतात. दोन ठिकाणांत अंतर फार तर दोन-तीन किलोमीटरचं. एका ठिकाणी बाई व्यवहाराच्या मध्यभागी उभी, दुसऱ्या ठिकाणी दाराआड. पर्यटनाने कोकणातल्या बाईला घरबसल्या रोजगार दिला असं आपण भाषणांतून ऐकतो. घरबसल्या काम दिलं, एवढं खरं आहे. रोजगार म्हणायचा तर रोज तिच्या हातात पडायला हवा.

निघायच्या आधी आपण खरेदी करतो तीही एकदा उलटून पाहा. आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, सुके सोडे, काजूगर. प्रत्येक पुडीमागे बायकांची बोटं आहेत. काजूच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं की कातडी भाजते. काजू फोडण्या-सोलण्याच्या कामावर बहुतेक बायकाच असतात. आपण दुकानदाराशी किलोमागे वीस रुपयांची घासाघीस करतो, ती शेवटी कुणाच्या मजुरीतून जाते?

आता तिसरी बाई. ती समुद्रावर आलेलीच नव्हती. आपण सहलीला जातो तेव्हा घरी भांडी-धुणं करणाऱ्या बाईंना सांगून जातो, ‘चार दिवस येऊ नका.’ महिन्याअखेरी किती घरांत त्या चार दिवसांचे पैसे कापले जातात, हे मी वस्तीत रोज ऐकते. सुट्टी आपली, खाडा तिचा! १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारी सुट्टी ही त्यांची मागणी तेव्हापासूनची. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण पगारी रजेची गोष्ट आजही आपल्या दारात, आपल्या मर्जीवर अडलेली आहे. घरातल्या पुरुषांनी आपलं काम मोजावं असं वाटत असेल तर आपणही दुसरीच्या पोटाला चिमटा काढून सुट्टी घेऊ नये.

बाईच्या कामाचा हिशेब ठेवायचा नाही ही रीत जुनीच आहे. मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं म्हणून याच गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. गाव आज कर्व्यांचं नाव अभिमानाने घेतं, ते योग्यच आहे. गोदूबाईंच्या म्हणजे आनंदीबाईंच्या, बायांच्या, वाट्याला काय कष्ट आले ते आपल्याला कळलं कारण त्यांनी स्वतः ‘माझे पुराण’ लिहून ठेवलं. बाईने स्वतः लिहिलं तर तिचा हिशेब राहतो. एरवी तो तिच्याबरोबर जातो. कधीकधी तर ती गेल्यावरच सुरू होतो. अपघातात गृहिणी मेली तर भरपाई किती द्यायची, असा खटला २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेव्हा न्यायालयाने जनगणनेवर बोट ठेवलं होतं. घरकाम करणाऱ्या बायकांना तिथे भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत, अनुत्पादक म्हणून बसवलं होतं. किंमत ठरली ती बाई मेल्यावर, विम्याच्या पैशासाठी. जिवंतपणी ठरवायला काय अडचण आहे?

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली आपल्या घरातली. शेवटच्या दिवसाच्या कामांची यादी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर कागदावर लिहावी आणि नावं घालून वाटावी. मुलगे आणि आजोबाही त्यात हवेत. आमच्या घरी पुढच्या सहलीसाठी हे ठरलं आहे. घरी पोचल्यावरचं जेवण आणि दुसऱ्या दिवशीचे डबे पुरुषांकडे. नीट होणार नाही, काहीतरी राहील, एखादा चार्जर खोलीतच विसरेल. विसरू दे. विसरण्याचा अधिकार आजवर त्यांनाच होता, त्याबरोबर आठवण ठेवण्याची जबाबदारीही थोडी घेऊ देत.

दुसरी, आपल्याकडे काम करणाऱ्या बाईंचे सहलीच्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत. याला चर्चेची गरज नाही.

तिसरी, अशा घरगुती ठिकाणी खोली ठरवतानाच विचारायचं, स्वयंपाक कोण करतं? जेवणाचे पैसे त्यांच्या खात्यावर पाठवले तर चालेल ना? हे आधी, उघडपणे आणि घरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं. एका पाहुण्याने विचारलं तर हसतील. दहा पाहुण्यांनी विचारलं तर पाटीवर तिचं नाव येईल. ‘मागून बोलणी’ बसतात ती एकटीला. रीत पडली की बोलणी बसत नाहीत.

चौथी गोष्ट आपल्या संघटनांची. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘आई’ नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाच्या धंद्यासाठी बाईने १५ लाखांपर्यंत कर्ज घेतलं तर व्याजाचा परतावा मिळण्याची त्यात तरतूद आहे. धंदा बाईच्या मालकीचा हवा आणि तिनेच चालवलेला हवा, ही अट. अट चांगली आहे, पण सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे पती बसलेले आपण पाहिले आहेत. तसे इथे ‘मालकीणपती’ होऊ नयेत. कर्ज तिच्या नावावर, राबायचं तिने आणि वही त्याच्या हातात, असं झालं तर ती आजच्याहून वाईट स्थितीत जाईल. म्हणून किनाऱ्यावरच्या गावांत काम करणाऱ्या गटांनी आधी घरापासून सुरुवात करावी. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नवरा-बायको दोघांच्या नावाने घराची नोंद करता येते, ती करून घ्यावी. बचत गटातल्या बायकांनी पाळी लावून एकमेकींच्या घरचा स्वयंपाक सांभाळावा, म्हणजे आठवड्यातून एक दिवस प्रत्येकीची चूल बंद राहील. तसं झालं तर एखादीला ऑपरेशनसाठी दोन महिनेही काढता येतील.

अशक्य वाटतं? २४ ऑक्टोबर १९७५ या दिवशी आइसलँड नावाच्या लहानशा देशात सुमारे नव्वद टक्के बायकांनी काम बंद ठेवलं. कचेऱ्यांतलं, कारखान्यांतलं आणि घरातलंसुद्धा. तो देशही समुद्राचा, मासळीवर जगणारा. मासळीचे कारखाने बंद पडले, शाळा बंद पडल्या, बापांना मुलं घेऊन कामावर जावं लागलं. या दिवसाला त्या बायकांनी संप म्हटलं नाही. ‘बायकांचा सुट्टीचा दिवस’ म्हटलं! सुट्टी हा किती धारदार शब्द आहे हे त्यांना कळलं होतं.

वहिनीशी मी फोनवर बोलत असते. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंनी तिच्या नवऱ्याला समोर बसवून, हे दुखणं वाढलं तर पुढे काय होतं ते समजावून सांगितलं आहे. आठवड्याचे सोमवार-मंगळवार पाहुणे घ्यायचे नाहीत एवढं त्याने मान्य केलं. ऑपरेशनची तारीख अजून ठरायची आहे. शेजारच्या तीन घरांतल्या बायका पाळीने स्वयंपाक सांभाळायला तयार आहेत. त्यांच्यापैकी दोघींनी ‘मलाही तोच त्रास आहे’ असं या निमित्ताने पहिल्यांदा तोंडातून काढलं. चार घरांत तीन बाया! पाट्या मात्र चारही घरांवर एकसारख्याच, ‘घरगुती सोय’.

तुमच्या घरी, तुमच्या गावात सहलीचा शेवटचा दिवस कसा जातो ते घड्याळ काढून पाहा आणि लिहून पाठवा. ज्या मैत्रिणी स्वतः पाहुण्यांसाठी रांधतात, त्यांनी तर जरूर लिहावं. पाहुण्यांची पत्रं आपल्याकडे पुष्कळ येतात. यजमानीणबाईंची यायची आहेत.